हातोडा पडायच्या आधी

१४ सप्टेंबर

आमच्या भागाच्या सहकारी टेलिफोन सोसायटीची वार्षिक सभा एकदाची पार पडली. हॅम छान, बटाटे कोरडे, ठराव सगळे मंजूर. सगळ्यांना अनुमोदन मीच दिलं. गुडघ्यामुळे मी पहिल्या रांगेत कडेला बसते, माईक तिथेच असतो, म्हणून केव्हातरी हे काम माझ्या गळ्यात पडलं ते पडलंच. आता तर मी "अनुमोदन" म्हटलं की मागचे लोक खुर्च्या सरकवून ताटांकडे निघतात. "आयडेला मावशीने तोंड उघडल्याशिवाय या गावाला जेवण नाही," असं क्रेग माईकवरून म्हणाला आणि सगळे हसले. क्रेग माझ्या बहिणीचा मुलगा, सोसायटीचा मॅनेजर. या गावात इस्त्रीचा शर्ट रोज घालणारा तो एकटाच.

शेवटचा ठराव इंटरनेटचा होता; तेही आता सोसायटीच पुरवते. काही मोठ्या कंपन्या सोसायटीला पैसे देणार, त्यांचं जे काही असेल ते आपल्या तारांवरून प्राधान्याने पोचवायचं, आणि त्या पैशांतून आपलं सगळ्यांचं बिल थोडं उतरणार. मागून कोणीतरी विचारलं, "आणि बाकीच्यांचं काय?" क्रेग म्हणाला, "बाकीच्यांचंही पोचणारच की! बर्फ काढणारी गाडी आधी हायवे साफ करते, मग आपले आडरस्ते. म्हणून काय आडरस्ते बंद पडतात?"

पडतात, खरं तर. पण हॅम थंड होत होतं. आधी पोटोबा. दिलं अनुमोदन.

जेवणातल्या गोड रूबार्ब-पायचा उरलेला तुकडा घरी आणलाय. उद्या सकाळी कॉफीबरोबर.

२ ऑक्टोबर, शुक्रवार

हंगामातला वासरांचा पहिला लिलाव. माझा नवरा लॉइड गेल्यापासून हे लिलावघर मी एकटी चालवते. रिंगणाभोवतीचे बाक भरले होते. पुकारायला नेहमीप्रमाणे एल्डन फॉस. लॉइडच्या तरुणपणापासून आमच्याकडे हाच माणूस पुकारतोय. उंच डब्यासारख्या कठड्यात बसतो, आणि एकदा तोंड सुटलं की शब्द कुठला अन् श्वास कुठला, कळत नाही.

निम्मं गिऱ्हाईक हल्ली बाकांवर नसतंच. ते लांबलांबच्या गोठ्यांवर, आपापल्या स्वयंपाकघरात बसून पडद्यावर बघतं आणि बटण दाबून बोली लावतं. कठड्याशेजारी बोनी बसते, ती पडद्यावरची बोली बघून हात वर करते. हे नसतं तर आमच्यासारखं आडगावचं लिलावघर केव्हाच बंद झालं असतं.

आज संध्याकाळी हार्वे क्राउसचा फोन. तो उत्तरेला दोन तासांवर राहतो, खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून येत नाही. नुसता फुत्कारत होता. "आयडेला, माझी बोली पोचायच्या आत हातोडा! तीन वेळा! तुमच्या एल्डनला गाडी पकडायची होती का?"

म्हटलं, हंगामाचा पहिला दिवस आहे, जरा जोरात सुटला असेल.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

आज हार्वेसारखे आणखी चौघे. सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच, हातोडा फार लवकर पडतो. वासरं स्वस्तात गेली, कारण लांबचे लोक स्पर्धेत उरलेच नाहीत. ज्यांची वासरं होती ते माझ्याकडे बघत होते. ओल्सनने तर तोंडावर सांगितलं, पुढच्या खेपेला ट्रक मोठ्या शहरात प्रेअरी कंपनीच्या लिलावघराला नेतो. आणखी दोघेतिघे तसेच गेले तर मला कुलूप लावावं लागेल. उगाच कशाला लपवायचं, निदान वहीत तरी?

एल्डनला म्हटलं, "जरा दमानं घ्या. पडद्यावरच्या लोकांनाही वेळ द्या."

तो म्हणाला, "मालकीणबाई, मी गेल्या वर्षीसारखाच पुकारतोय."

"मग लोक खोटं बोलतात का?"

त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "नाही," म्हणाला. बस्स.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

आता उलटंच! "दोन वार" म्हणून एल्डन थांबतो. नुसता थांबतो. बोनीच्या पडद्याकडे बघत बसतो, हातोडा हवेत. रिंगणात वासरू बावरून गोल फिरतंय, बाकांवरचे लोक एकमेकांकडे बघताहेत. एकजण ओरडला, "एल्डन, झोप लागली का रे बाबा?" हशा पिकला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हार्वेला मात्र आज वासरांच्या दोन खेपा मिळाल्या.

२१ ऑक्टोबर, बुधवार

मला एक कुतूहल कधीचं आहे. ते चित्र जातं कसं? वासरू इथे, हार्वे तिथे, मध्ये सगळं गव्हाचं रान. क्रेगला बोलावलं. तो म्हणाला, चित्राचे बारीक बारीक तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यावर पत्ता असतो, सगळे तारेतून धावत सुटतात आणि पलीकडे पुन्हा जोडले जातात. मला फार आवडलं ते. म्हटलं, "म्हणजे आमच्या तपकिरी कालवडीचा एक कान आधी पोचतो आणि शेपूट मागून?"

"साधारण तसंच, मावशी."

"आणि वाटेत गर्दी झाली तर?"

त्याने यंत्र लावून बघितलं. लिलावघर रिकामं, दुपारची वेळ, सगळीकडे शांत. पडद्यावर हिरवी रेघ सुळकन पुढे गेली. "बघ. तुझी तार ठणठणीत आहे," म्हणाला. मग जरा खाकरून, "मावशी, एल्डन आता सत्तरीच्या पुढे गेला ना?"

मी यंत्राची वायर गुंडाळून त्याच्या हातात दिली. पण मनात आलंच होतं ते. बोनी पण म्हणते, तो हल्ली एकच गोष्ट दोनदा विचारतो: "आली का बोली? आली का?"

३० ऑक्टोबर, शुक्रवार

आज कहर झाला. एल्डन एका खेपेला इतका थांबला की बाकांवरचे तिघे उठून कॉफी प्यायला गेले. मी खालून हाताने खूण केली, "पाडा!" त्याने बघितलं नाही. मग पडद्यावर बोली आली, मग दुसरी. किंमत चढली हे खरं, पण बाकांवरच्या लोकांची सहनशक्ती संपली. जाताना दोघांनी सांगितलं, "आयडेला, पोराबाळांना बघायला येणारा डॉक्टरसुद्धा इतकं थांबवत नाही."

आधी फार घाई, आता फार दिरंगाई. म्हातारपण दुसरं काय असतं? मनाचा दगड केला. पूर्वेकडचा एक तरुण आहे, कोल्टन, पुकारायच्या स्पर्धेत बक्षीस मिळवलेला. त्याला फोन केला.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

केक आणला होता. कॉफी. लॉइड आणि एल्डन यांचा जुना फोटो चौकटीत बसवून दिला. मी चार शब्द बोलले.

एल्डनने केक खाल्ला, बशी स्वतः धुतली, पुसून ठेवली. दाराशी मला म्हणाला, "आयडेला, एक कर. लिलाव चालू असताना एकदा हार्वेच्या घरी बसून बघ."

"कशासाठी?"

"बघ तर."

असा राग आला! काही म्हणायचं असेल तर सरळ म्हणावं. मी म्हटलं, "लिलाव चालू असताना मी तिथे बसले तर इथे कोण बसणार?" तो टोपीला बोट लावून गेला.

त्याच्या जागेवरची गादी उशीसारखी दबलेली आहे. कोल्टनसाठी नवी आणावी लागेल.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

कोल्टन म्हणजे सुरेख काम. आवाज खणखणीत, हात मोकळा, बाकांवरचे लोक खूश. मीही खूश होते, संध्याकाळपर्यंत.

संध्याकाळी हार्वे. "हा नवा पोरगा तर एल्डनपेक्षा उतावळा! तो निदान थांबायचा तरी!"

फोन ठेवला आणि तशीच उभी राहिले. विशीतला पोरगाही लवकर पाडतो? सत्तरीतलाही लवकर पाडत होता? दोघांत समान काय आहे, तर माझं लिलावघर. कुठेतरी पाणी मुरतंय.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

गेले हार्वेकडे. लिलावघर बोनीवर सोपवलं. आयुष्यात पहिल्यांदा शुक्रवारी अकरा वाजता मी माझ्या रिंगणाजवळ नव्हते.

हार्वेने वॅफल्स केले होते, खुब्याचं दुखणं विसरून. टेबलावर माझा लिलाव लावला. हातात फोन, फोनवर बोनी. तिला सांगून ठेवलं होतं, हातोडा पडला की मला "पडला" म्हण.

काळी वासरं आत आली. पडद्यावर कोल्टन रंगात येऊन पुकारतोय, बोली चढतेय. हार्वे बटणाकडे बोट नेतोय. आणि फोनवर बोनी म्हणाली, "पडला."

पडद्यावर कोल्टन अजून पुकारतच होता! हार्वेने बटण दाबलं. पडद्यावर कोल्टन म्हणतोय, "कोणी आहे का, कोणी आहे का." हार्वे तर होता. बोट बटणावर ठेवून बसला होता बिचारा. पण तिकडे खरी वासरं केव्हाच रिंगणाबाहेर गेली होती. मग चित्र गोठलं, मग एकदम उडी मारून पुढे गेलं, आणि हातोडा पडला.

आम्ही पुन्हा केलं. पुन्हा केलं. दर वेळी तेच. मला भीती वाटायच्या ऐवजी मजाच वाटायला लागली, खोटं का सांगू. आम्ही दोघं म्हातारे त्या टेबलाशी शाळेतल्या पोरांसारखे "पडला!" "अजून नाही!" करत होतो. त्या मधल्या वेळात माझी वासरं असतात तरी कुठे? कुठल्या शेतावर ताटकळत?

मग हार्वे म्हणाला, "प्रेअरीवाल्यांचं मात्र असं होत नाही." त्याने दुसऱ्या पडद्यावर त्यांचा लिलाव लावला. तोही शुक्रवारीच, त्याच वेळी असतो. तेच घर, तीच तार. आणि चित्र असं की वासराच्या नाकातली वाफ दिसावी. खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती: आपल्या टेलिफोन सोसायटीतर्फे प्राधान्याने.

प्राधान्याने. हा शब्द मी कुठे ऐकला होता ते आठवायला मला वेळ लागला नाही. तोंडात वॅफल होता, तो गिळवेना.

बर्फ काढणारी गाडी. आधी हायवे. आणि शुक्रवारी अकरा वाजता आमच्या भागातला प्रत्येक गुरंवाला प्रेअरीचा लिलाव बघत असताना माझ्या कालवडीचे तुकडे आडरस्त्यावर उभे.

एल्डनला हे दिसलं होतं. म्हणून थांबत होता तो. मागे पडलेल्या लोकांसाठी हातोडा हवेत धरून बसत होता, आणि मी त्याला केक दिला. चोर सोडून संन्याशाला फाशी.

२२ नोव्हेंबर, रविवार

चर्चनंतर कॉफीला क्रेगला गाठलं. आधी म्हणाला तसं काही नसतं. मग म्हणाला, असलं तरी फार थोडं असतं. मग म्हणाला, "मावशी, तूही पैसे भर की. तुझंही आधी नेऊ."

"किती?"

त्याने आकडा सांगितला. तेवढ्या पैशांत रिंगणाला नवं छप्पर होईल.

"आणि मी भरले तर मग मागे कोण पडणार?"

"कोणीतरी पडणारच, मावशी. सगळेच आधी कसे जातील?" थोड्या वेळाने, बशीतल्या कुकीकडे बघत तो हळूच म्हणाला, "ठरावाला अनुमोदन कोणाचं होतं?"

लबाड नाही हो तो. त्याला खरंच वाटतं, गावाचं बिल उतरवून त्याने पुण्य केलं. आणि उतरलंच आहे की. माझंही.

२४ नोव्हेंबर

एल्डनला फोन केला. माफी मागितली, सरळ शब्दांत. तो म्हणाला, "अगं, जाऊ दे."

"मला सांगितलं का नाहीत?"

"काय सांगणार होतो? चित्र उशिरा जातंय एवढं वाटत होतं. का, ते मला तरी कुठे ठाऊक? आणि सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, म्हातारा सबबी शोधतोय."

म्हणाले असतेच. विचारलं, "परत येता?"

"प्रेअरीवाल्यांनी बोलावलंय, आयडेला. सोमवारपासून. त्यांना जुना आवाज हवाय म्हणे, पडद्यावर बरा वाटतो."

अभिनंदन म्हटलं. मनापासून म्हटलं की नाही, ते आज लिहीत नाही.

१२ डिसेंबर

खास सभा बोलवायला सभासदांच्या सह्या लागतात. लिलावघराच्या उपाहारगृहात कागद ठेवला. सूपबरोबर सही. लोक सही करतात, पण आधी इकडेतिकडे बघतात. ओल्सन म्हणाला, "सही देतो, पण सभेत बोलायला सांगू नकोस. क्रेगच्या बायकोने आमच्या आईच्या आजारपणात आठवडाभर जेवण पाठवलं होतं." या गावात कोणी कोणाला तोंडावर नाही म्हणत नाही. भीड भिकेची बहीण असते, तसं झालंय.

१४ जानेवारी

बाहेर इतकी थंडी की गाड्यांची इंजिनं चालू ठेवून लोक सभेला आले. जेवण नव्हतं, नुसती कॉफी आणि लिंबाच्या वड्या. मी मुद्दामच जेवण ठेवू नका म्हटलं होतं.

माईक हातात घेतला. म्हटलं, "क्रेगचं बर्फाच्या गाडीचं म्हणणं मला पटलं होतं. पण हायवे आधी साफ करतात, कारण हायवेवरून सगळेच जातात. दवाखान्याची गाडी, शाळेची बस, मी, तुम्ही. इथे हायवे साफ केला नाही आपण. ज्याने पैसे दिले त्याच्या दारापर्यंतचा रस्ता साफ केला, आणि त्यावरचा बर्फ बाकीच्यांच्या दारात टाकला. आज माझ्या दारात आहे. उद्या ज्या मुलीची गोधड्यांची विक्री पडद्यावर चालते तिच्या दारात असेल. बिल पुन्हा थोडं वाढेल, माझंही. सप्टेंबरचा ठराव रद्द करावा, असं मी सुचवते."

अध्यक्ष म्हणाले, "अनुमोदन कोणाचं?"

शांतता.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या सभागृहात इतकी वर्षं अनुमोदन फक्त मीच देत आले. दुसऱ्या कोणाला ती सवयच नाही! आणि सूचक मीच, तर अनुमोदक मी कशी होणार? लोक कॉफीच्या पेल्यात बघत होते. ओल्सन छताकडे. क्रेग बुटांकडे.

"अनुमोदन नसेल तर…" अध्यक्ष म्हणाले.

मी वळून लोकांकडे बघितलं. रिंगणात उभी राहून बघते तसं. लिलावात खरं गिऱ्हाईक कधी हात हलवत नाही. भुवई, हनुवटी, बोट. ते टिपायला मी जन्मभर शिकलेय. शेवटच्या रांगेत, दाराजवळ, कोट न काढता एल्डन बसला होता. त्याच्या टोपीच्या कडेवरून एक बोट उचललेलं होतं, जेमतेम.

"तिथे!" मी ओरडले. "शेवटची रांग!"

सगळे वळले. ज्याची मजुरी आता प्रेअरीकडून येते तो माणूस उठून उभा राहिला आणि आपल्या त्या आवाजात म्हणाला, "आहे अनुमोदन. आणि अध्यक्ष, हात वर नकोत. चिठ्ठ्या टाका."

चिठ्ठ्या टाकल्या. हात वर केले असते तर पडलो असतो. चिठ्ठ्यांवर जिंकलो, काठावर.

क्रेगने निकाल वाचला, नीट, आवाज न बदलता. मग सांगितलं की कंपनीबरोबरचा करार सप्टेंबरपर्यंत मोडता येत नाही. त्यानंतर सगळ्यांचं एकाच रांगेतून. जाताना मला मिठी मारली त्याने. जरा ताठ होती, पण मारली.

२२ जानेवारी, शुक्रवार

लिलाव नव्हता आमचा, वादळाने रस्ते बंद. स्वयंपाकघरात बसून प्रेअरीचा लिलाव लावला. एल्डनला बघायला, दुसरं काय.

काय चित्र! त्याच्या टोपीवरचा डागसुद्धा स्पष्ट. आवाज तोच, धबधबा. आणि "दोन वार" म्हणून तो थांबला. तिथे कोणाचंच चित्र उशिरा जात नाही, तिथे थांबायची काही गरज नाही. तरी हातोडा हवेत, आणि नजर पडद्याकडे. शेजारची बाई त्याला काहीतरी कुजबुजत होती. तो थांबलाच. मग पाडला.

मला रडू आलं. वेड्यासारखं, एकटीच, समोर कॉफी ठेवून.

२३ जानेवारी

सकाळी त्याचाच फोन.

"मालकीणबाई, सुटलो तिथून. मी फार थांबतो म्हणे."

"नुसतं तेवढंच?"

"ते बोटही कोणाला तरी आवडलं नसणार." आणि हसला.

मी सांगितलं, कोल्टन एक आठवडा आणि तुम्ही एक आठवडा. त्या पोरालाही कोणीतरी थांबायला शिकवायला हवं. बाकांवरच्या लोकांना मी सांगेन, सप्टेंबरपर्यंत कॉफी फुकट, ज्याला घाई असेल त्याने दोन पेले प्यावेत. आणि तुमची जुनी गादी मी टाकलेली नाही.

त्याने कामाचं विचारावं तसं विचारलं, "किती थांबू?"

"हार्वे पोचेपर्यंत," मी म्हटलं.